घर कुणाला, आणि पाचवीच्या बाराचं खरं काय

हेमराज, हे वाचायला बसण्याआधी चष्मा शोध. कपाळावर बघ. तिथे नसेल तर खिशात बघ, आणि खिशातही नसेल तर मागच्या खेपेसारखा केळीच्या घडावर ठेवून आला असशील. बायकोचं नाव सोडून सगळं विसरणारा माणूस तू, आणि तेही ममता रोज आठवण करून देते म्हणून. तुझ्या भरवशावर तोंडी सांगून मेले, तर तेराव्याची पंगत उठायच्या आत तू ते विसरशील. म्हणून लिहून घेतलं आहे.

तर लिहून देणार मी, अनुसयाबाई मगन चौधरी, वय ऐंशीच्या आसपास (माझ्या जन्माच्या साली तापीला पूर आला होता एवढंच मला सांगितलेलं, आणि तापीला पूर कोणत्या साली येत नाही?), धंदा शेती आणि घरच्यांना बोलणं, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. वर मधलं नाव आलं आहे ते मी घेतलेलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागतो. कागदावर उखाणा चालत नाही असं लिहिणाऱ्याचं म्हणणं पडलं, म्हणून त्यांनीच ते परस्पर लिहिलं. पुढेही लागेल तिथे तेच लिहितील.

मला अक्षर येत नाही. हा मजकूर शहाद्याचे दस्तलेखक उदेसिंग गिरासे आमच्या ओट्यावर बसून लिहीत आहेत. बोली अशी ठरली आहे, की मी सांगेन ते सगळं लिहायचं, गाळायचं काही नाही. मी घरच्या बोलीत सांगते, ते कचेरीच्या मराठीत लिहितात. त्यामुळे कागदावर मी आहे त्यापेक्षा जरा शहाणी दिसेन. त्याला माझी हरकत नाही.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नसेल तर औषधं कशी देता?" त्यांनी लगेच सही केली. हे मी राजीखुशीने करते आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. या घरात दडपण म्हणून जे काही आहे ते माझंच आहे.

घराबद्दल.

हे राहतं घर, ओटा, मागचं अंगण आणि अंगणातल्या लिंबासकट, माझ्या नावावर आहे. मगन यांनी ते हयातीतच माझ्या नावावर केलं. लोक म्हणाले, बायकोवर केवढा जीव! जीव होताच, पण कारण दुसरं होतं. त्यांना कचेरीत जायचा कंटाळा होता, आणि घर माझ्या नावावर असलं की हेलपाटे मला पडणार होते. तरी मी त्यांची आभारी आहे. त्यांच्या कंटाळ्यामुळे आज मला बोलायला जागा आहे.

हे घर मी माझा नातू हेमकांत आणि त्याची बायको दामिनी यांना दोघांच्या नावाने देते. माझा मुलगा हेमराज आणि सून ममता यांना ती दोघं जिवंत असेपर्यंत इथे राहायचा हक्क राहील, आणि मधल्या खोलीतला पंखाही त्यांचाच राहील. मात्र अट एक. या छपराखाली बंदूक राहणार नाही. भिंतीवर नाही, कपाटात नाही, धान्याच्या कोठीत नाही, "दोन दिवसांपुरती" नाही आणि पूजेपुरतीही नाही. दामिनीचं बाळ या घरात येण्याआधी ती बाहेर गेलेली असली पाहिजे. नाही गेली, तर हेमराजचा राहण्याचा हक्क संपला असं समजावं. त्याने आपली बंदूक घेऊन केळीच्या बागेत झोपडी बांधावी. रानडुकरांना तेवढीच सोबत होईल.

बंदूक माहीत नसलेल्यांसाठी सांगते. दोन नळ्यांची, घोड्याची जुनी बंदूक. पिकाच्या राखणीसाठी मगन यांनी परवाना काढला, ते गेल्यावर तो रीतसर हेमराजच्या नावावर झाला. ती मधल्या खोलीत दोन खुंट्यांवर टांगलेली असते आणि काडतुसं त्याच भिंतीतल्या कोनाड्यात, माझ्या हिंगाच्या डबीशेजारी. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं. इतक्या वर्षांत या बंदुकीने एकही डुक्कर मारलेलं नाही. मारला तो एक हंडा. त्याची हकीगत खाली येते.

बंदूक हेमराजच्या परवान्यावर आहे, त्यामुळे ती कोणाला द्यायचा अधिकार मला नाही, असं उदेसिंगभाऊंनी समजावलं. ठीक आहे. बंदूक त्याची, छप्पर माझं.

आता पाचवीबद्दल. अट का घातली ते इथे आहे, म्हणून हे कोणी उड्या मारत वाचू नये.

बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई त्याच्या कपाळावर लिहायला येते. त्या दिवशी बाळाजवळ लोखंड ठेवतात. बाकीच्या घरांत विळा असतो. आमच्या घरी त्या विळ्याला आणि पाळण्याला एकच लाल नाडा बांधायची रीत होती. माझ्या सासूबाई शांतीबाई यांनी ती त्यांच्या सासूबाईंकडून घेतली. रीत चांगली होती. विळ्याने कधी कोणाचं वाईट केलं नाही.

हेमराज झाला त्या साली ही बंदूक घरात नवी आली होती. नव्या नवरीचंही एवढं कौतुक होत नाही. पाचवीच्या संध्याकाळी मगन शेतातून आले. खांद्यावर बंदूक, आणि मिशीलाही तेल लावलेलं. सासूबाई विळा धुऊन ठेवत होत्या.

मगन म्हणाले, "घर मा बंदूक शे, आनि इळा कसाले?"

सासूबाईंना ते पटलं. मुलाचं त्यांना सगळंच पटायचं. पाळण्याजवळ चौरंग मांडला. त्यावर बंदूक आडवी ठेवली, तोंड पाळण्याच्या उशाकडे. हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूचं फूल लागलं. मग नाडा बांधायची वेळ आली. विळ्याला मूठ असते, बंदुकीला नाडा बांधायचा कुठे? सासूबाईंनी नाड्याचं एक टोक चापाच्या कडीत गुंतवलं, दस्त्याला मागून एक वेढा दिला आणि दुसऱ्या टोकाची पाळण्याच्या दोरीला गाठ मारली. कडी बरी सापडली म्हणून खूशही झाल्या. शेतात डुकरांची चाहूल लागली तेव्हा मगन यांनी घोडा चढवला होता, तो उतरवायचा राहून गेला होता. काडतूस आत होतं. आणि मी बाजेवर पडून या सगळ्या थाटाकडे बघत होते.

तेव्हा ऊसतोडीला धडगावकडची माणसं आमच्या शेतात उतरलेली असत. त्यांतली रूपलीबाई माझ्या हाताखाली घरकामाला यायची. ती शेगडी घेऊन आत आली, तेवढ्यात हेमराजने पाळणा ओला केला. एवढं वय झालं, पण त्याने योग्य वेळी केलेलं काम ते एवढंच. रूपलीबाईने शेगडी खाली ठेवली, त्याला उचलून खांद्यावर घेतलं, आणि ऊब द्यायला चुलीकडे वळली. बाळ उचलल्यावर रिकामा पाळणा हलकेच मागे गेला.

नाडा ताणला.

आवाज एवढा झाला की मला पुढचं काही ऐकू आलं नाही. धूर भरला. पाळण्याच्या उशाची गोधडी फाटून कापूस उडत होता, आणि पाळण्यामागे उतरंडीला ठेवलेल्या पितळी हंड्यातून पाणी गळत होतं, एका ठिकाणाहून नाही, छर्ऱ्यांनी भोकं पडलेल्या सगळ्या अंगातून. रूपलीबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. पोर तिच्या खांद्यावर होतं आणि रडत होतं. त्या रडण्याइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही. त्यानंतर हेमराजने पुष्कळदा रडून दाखवलं, पण ती गोडी पुन्हा आली नाही.

आवाज ऐकून गाव धावलं. मगन ओट्यावर गेले. परवाना नवा होता, लाज मोठी होती. त्यांनी हात वर केले आणि ओरडले, "पोऱ्या उना! म्हनीसन बार काढा!"

पोराच्या आनंदात मुद्दाम बार काढला असं समजून गाव खूश झालं. साखर वाटली गेली. कोणीतरी म्हणालं, चौधरींच्या घरी पोरगा होतो तो असा गाजतो. झालं, रीत तयार झाली. तेव्हापासून आमच्या घरी मुलाची पाचवी म्हणजे पाळण्याशी बंदूक आणि अंगणात बार. हेमकांतच्या वेळी हेमराजने मोठ्या हौसेने बार काढला. बार संपेपर्यंत मी पोराला पदराखाली घेऊन चुलीमागे बसले होते. पाळण्यात त्या दिवशी मी दुधी भोपळा झाकून ठेवला होता. सगळ्यांनी भोपळ्यावरून अक्षता टाकल्या आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हे मी काही लपवून ठेवलेलं नाही. वर्षानुवर्षं सांगत आले. पाहुण्यांना सांगितलं, सुनेला सांगितलं, हेमराजला तर दर दसऱ्याला सांगितलं. सगळे हसतात. "अनुसयाबाई काय गंमत सांगते!" मगनही हसायचे, आणि ते हसले की बाकीच्यांची खात्री पटायची. माझ्या जिभेला सवयच तशी, मी आग लागली म्हणाले तरी लोक आधी हसतील आणि मग बादली शोधतील. म्हणून या वेळी मुद्रांकाच्या कागदावर सांगते आहे. या घरात माणसाच्या शब्दापेक्षा शिक्क्याला मान जास्त आहे.

हे आताच का? कारण दामिनीला आठवा लागला आहे.

दामिनीचं माहेर नवापूरला, वडिलांची कोंबड्यांची शेड आहे. आई लहानपणीच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न करता इथेच करायचं ठरलं. मला त्याचा आनंद आहे. परवा ती माझ्या केसांना तेल लावत होती. मागे उभी असल्यामुळे तिला बोलायला धीर आला असावा. म्हणाली, "आजी, रात्री कूस बदलली की मधल्या खोलीतली ती बंदूक दारातून समोर दिसते. मामंजींना कसं सांगू?" एवढंच बोलली. पुन्हा तेल लावू लागली, पण सगळं तेल एकाच बटेला. त्याच दिवशी मी उदेसिंगभाऊंना निरोप धाडला.

हेमकांतला हे तिने आधीच सांगितलं होतं. तो म्हणतो, "आजी, मी बाबांशी बोलतोच." गेला महिनाभर तिलाही तो 'बोलतोच' म्हणतो आहे. मध्ये त्याने पाचवीचा बार मोबाइलवर कसा घ्यायचा, कोणत्या बाजूने उजेड बरा, तेही ठरवून ठेवलं. हेमकांत, तू बाप होणार आहेस. बायको घाबरली असताना उजेड बघत बसू नये.

इथपर्यंत लिहून झाल्यावर उदेसिंगभाऊंनी पेन खाली ठेवलं.

"आजी, एक अडचण आहे," ते म्हणाले. "मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. तुम्ही खुटखुटीत आहात. तुमची अट लागू व्हायची तोवर बाळ शाळेत जाईल."

मी म्हटलं, "मंग माले मरनं पडी का?"

"तसं नाही..."

"दोन महिन्यात?"

मी थोडा विचार केला. मरायला माझी ना नाही, पण दामिनीच्या हातचा आल्याचा चहा चांगला असतो, आणि घाई बाळाला आहे, मला नाही. शेवटी मी म्हटलं, भाऊ, जेवढं लिहिलं तेवढं मोठ्याने वाचा. दाराकडे तोंड करून वाचा. दारामागे हेमराज बसलेला होता. सुपारी कातरण्याचा आवाज बराच वेळ झाला बंद होता.

त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर हेमराज ओट्यावर आला. पुढे जे बोलणं झालं तेही लिहा म्हणून मी सांगितलं, ते असं.

हेमराज म्हणाला, "माय, तू गंमत करी ऱ्हायनी ना?"

मी म्हटलं, "हंडा काढ."

तो आत गेला आणि उतरंडीचा हंडा काढून ओट्यावर घेऊन आला. तो विहिरीत पडून चेपला आणि मग तांबटाने ठिगळं लावली, असं मगन सगळ्यांना सांगत. हेमराजने तो उन्हाला धरला, आतून बघितला, एकेका ठिगळावरून बोट फिरवलं. विहिरीत पडलेला हंडा एका बाजूने चेपतो, त्याला चाळणीसारखी ठिगळं लागत नाहीत. हे त्याला कळायला वेळ लागला नाही. तसा तो हुशार आहे, फक्त उशिरा.

त्याने पाळण्याचं विचारलं, "त्या टायमाले मी पायनामा व्हतू?"

"नही. म्हनीसन तर आज शेस."

तो खाली बसला. हंडा मांडीवर घेतला. मग म्हणाला, "माले कोनी सांगं नही."

"मी दर साल सांगस. तू दर साल हासस."

यावर तो हसला नाही. पण तो माझाच मुलगा, लगेच हार कशी मानेल? म्हणाला, बंदूक रिकामी ठेवतो. मी म्हटलं, तुझ्या बापालाही ती रिकामीच वाटत होती. म्हणाला, काडतुसं वेगळी कुलपात ठेवतो, किल्ली माझ्याकडे. मी विचारलं, चष्मा कुठे आहे? त्याने कपाळ चाचपलं, खिसा चाचपला. किल्लीचं मी पुढे काही विचारलं नाही.

मग म्हणाला, "उच्ची टांगेल शे, माय. पोऱ्याना हात कसा पुरई?"

मी म्हटलं, "तुन्हा पोऱ्याना हात मन्हा गूळलोंग कसा पुरना व्हता?" हेमकांत रांगत होता तेव्हापासून मी गूळ शिंक्यावर ठेवला, माळ्यावर ठेवला, देवामागे ठेवला. त्याने तो प्रत्येक ठिकाणाहून काढला, आणि तोंड पुसून वर मलाच विचारलं, "आजी, गूळ कुठे गेला?" लहान मूल आपण काय लपवतो ते बघत नाही, आपण कुठे बघतो ते बघतं. उंची ही मोठ्यांची समजूत आहे.

आणि हेमराज, हे पुढचं नीट ऐक, यात गंमत नाही. बाळंतपणाच्या घरात पहिले काही महिने कोणी झोपत नाही. न झोपलेला माणूस चहात मीठ घालतो. बंदूक मोडून, म्हणजे मधून उघडून, नळ्या बघितल्या की नाही, हे तो काय लक्षात ठेवणार? दुसरं, बाळंतिणीच्या मनाला कधी कधी काळोखी येते. कारण नसताना येते. तुझ्या वेळी मला आली होती. पोर मांडीवर आणि जगणं नकोसं, असे काही दिवस गेले. तुझ्या आजीने, शांतीबाईंनी, मला एक शब्द विचारला नाही. फक्त माझ्याशेजारी येऊन झोपायला लागल्या, आणि विहिरीवर मला एकटीला जाऊ दिलं नाही. तुपाच्या बरणीवरून आमचं आयुष्यभर पटलं नाही. त्या बरणी कुलपात ठेवत आणि मी चाटून ठेवली असं पाहुण्यांना सांगत. पण त्या दिवसांसाठी मी त्यांना रोज हात जोडते. दामिनीला काळोखी येईल असं मी म्हणत नाही. आली, तर तिच्या शेजारी माणूस असावं. भिंतीवर बंदूक नसावी.

दाराशी दामिनी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला होता. हेमकांत तिच्यामागे होता, आणि या वेळी त्याच्या हातात मोबाइल नव्हता, हे नमूद करावं.

शेवटी हेमराज एवढंच म्हणाला, "गावले काय सांगू? पाचवीले बार नही काढा ते लोक काय म्हनतीन?"

मला त्याची दया आली. एवढा मोठा झाला, नातवाचा आजा होणार, आणि भीती कसली तर गाव काय म्हणेल याची. मी म्हटलं, गावाला सांग, या घरचा बार एकदाच खरा होता आणि त्यात आमचा मुलगा वाचला. पुन्हा नशीब बघायचं नाही. नाहीतर सांग, म्हातारी ऐकत नाही. ते गावाला लगेच पटेल.

तो उठला. खुंटीवरची बंदूक काढली, तोंड जमिनीकडे धरून मागच्या अंगणात नेली, माणूस आडवं येणार नाही असं बघून मोडली. दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का ते बघितलं. एका नळीतून दिसला. दुसऱ्या नळीत काडतूस होतं.

ते त्याने काढलं आणि तळहातावर धरून ओट्यावर आला. माझ्याकडे बघितलं नाही. दामिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "बेटा, मी उद्याच ठान्यामा जमा करी येस." नंतर हातपाय धुवायला मोरीत गेला.

उदेसिंगभाऊंनी विचारलं, आता अट काढून टाकू का? मी म्हटलं, राहू द्या. आज हो म्हणाला आहे, पण तो हेमराज आहे.

बंदुकीपुरतं त्याने करायचं ते असं: उद्या ती रिकामी, मोडलेली, कापडात गुंडाळून, काडतुसं वेगळ्या पिशवीत, परवाना खिशात घेऊन ठाण्यात जमा करावी आणि पावती ममताच्या हातात द्यावी. पुढे परवाना परत करायचा की कसं, ते त्याने सवडीने ठरवावं. घरात परत आणायची नाही, एवढं ठरलेलं आहे.

आणि डुकरांचं काय, हा प्रश्न उरतो. तो रास्त आहे, केळी त्यांनाही आवडते. माझ्या पाटल्या मोडून बागेला उन्हावर चालणारं झटक्याचं कुंपण घालावं. पाटल्या दामिनीला मिळतील असं ममताने गृहीत धरलं होतं, ते मला ठाऊक आहे. दामिनीला मी विचारलं. ती म्हणाली, "आजी, कुंपणच घाला." मगन यांनी त्या पाटल्या मला हेमराजच्या पाचवीनंतर महिनाभरात आणून दिल्या होत्या. तोंडाने माफी मागणं त्यांना जमत नव्हतं. त्यांचा तो सोन्याचा शब्द मी इतकी वर्षं हातात घातला. आता तो शेताला पुरू दे.

आमच्या घरी पाचवी होईलच. लोखंड विळ्याचं असेल. नाडाही बांधावा, पण पाळण्याला नको, विळ्याच्या मुठीलाच बांधून सोडावा. मुलगी झाली तरी तेवढ्याच थाटाने करावं. आजवर मुलींच्या पाचवीला बार नव्हता, म्हणून आमच्या मुली निर्धास्त मोठ्या झाल्या.

पितळी हंडा दामिनीला. ठिगळं पुसून चकाकी आणू नये. पाणी भरायला तो उत्तम आहे.

ममताला माझ्या स्वयंपाकघराच्या सगळ्या किल्ल्या, आणि तुपाच्या बरणीचं कुलूप कायमचं काढून टाकायचा अधिकार. सून म्हणून ती आली तेव्हा तिला वरण येत नव्हतं. आज तिच्या वरणासाठी मी मरण पुढे ढकलते आहे. ममता, तुला मी खूप बोलले. त्यातलं निम्मं गमतीने होतं. कोणतं निम्मं, ते तू ठरव.

रूपलीबाई धडगावच्या वर, घाटात तिच्या पाड्यावर आहे. ऊसतोडीची हाडं आता दुखतात, खाली येणं होत नाही. माझी चांदीची कडी आणि कमरेची साखळी तिला द्यावी. निरोपाने पाठवू नये, हेमराजने स्वतः जीपने चढून जाऊन तिच्या हातात द्यावी. घाटात त्याला मळमळतं, तर लिंबू न्यावं. हेमराज, तिथे गेल्यावर काय बोलायचं असं तुला वाटेल. काही बोलू नको. तिच्यासमोर उभा राहा, एवढा मोठा झालेला. तिला तेवढं पुरेल. दर साली दादर ज्वारी निघाली की तिच्या घरी वर्षाचं धान्य जाईल. हे उपकार म्हणून नाही. या घरात जन्मलेला आणि जन्मणारा प्रत्येक जीव तिच्या खांद्यावरून आलेला आहे.

शेजारीण तुळशीबाईने माझा शेवेचा सोऱ्या नेला तो दिवाळीला, कोणत्या ते तिलाच माहीत. तो मी तिला माफ करून देऊन टाकते. जाळी मात्र परत करावी.

माझ्या अंगावरची लुगडी ज्याला जे लागेल त्याने घ्यावं, जुनी मऊ लुगडी मात्र दामिनीच्या बाळाच्या दुपट्यांसाठी राखावी. माझ्यामागे मोठा जेवणावळीचा घाट घालू नये. रडायचं असेल त्याने रडावं, पण बाळ झोपलं असेल तेव्हा ओट्यावर जाऊन रडावं.

मी सुखात जगले. नवरा बढाईखोर होता पण मायाळू होता. मुलगा विसरभोळा आहे, पण आज त्याने बापाचा अभिमान स्वतःच्या हाताने मोडून उजेडात धरला. मी अजून काय मागू?

वरील सर्व मजकूर उदेसिंगभाऊंनी मला घरच्या बोलीत समजावून वाचून दाखवला. काही ठिकाणी मी बोलले त्याहून गोड लिहिलं आहे, बाकी माझ्या मनासारखं आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेल तर मला आठवत नाही, आणि मला सगळं आठवतं.

लिहून देणार: अनुसयाबाई मगन चौधरी, डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी

लिहिणार: उदेसिंग गिरासे, दस्तलेखक, शहादा (सही)

अनुसयाबाईंनी आमच्यासमोर अंगठा उमटवला आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
साक्षीदार: भीमसिंग राऊळ, राहणार प्रकाशा (सही)
साक्षीदार: तुळशीबाई पाटील, राहणार प्रकाशा (सही. माझ्याकडे जाळी नाही.)

ठिकाण: प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

अंगठ्यानंतर सांगितलेलं: उदेसिंगभाऊ म्हणतात, अंगठ्याखालचा मजकूर कायदा धरत नाही. कायद्याने धरू नये, ममताने धरावा. ममता, उद्या हेमराज ठाण्यात जाईल त्याच्यासोबत डबा दे. कागदाचं काम आहे, वेळ लागेल. दादरच्या भाकरी कर, उडदाची डाळ घट्ट कर म्हणजे गाडीत सांडणार नाही, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं भरीत वेगवेगळ्या वाटीत ठेव. तो म्हणेल भूक नाही. तरी दे. आणि डबा दोन माणसांचा बांध, मी त्याच्या सोबत जाते आहे. माझ्या वाटच्या भाकरीला तूप जास्त लाव.